रोझा पार्क्सच्या शेजारी लिली नको

पत्र

ताई, मी १९ वर्षांची आहे, कराडला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. ११ ते १४ वयाच्या मुलांसाठी एक ऐतिहासिक कादंबरी लिहिली आहे. विषय अमेरिकेतली कृष्णवर्णीयांची नागरी हक्क चळवळ, त्यातही अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरातला १९५५-५६चा बस बहिष्कार : रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईने गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडली नाही म्हणून तिला अटक झाली आणि तिथल्या कृष्णवर्णीयांनी बसमध्ये बसणंच सोडलं. नायिका लिली, वय १२. एका प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं. सोबत एकच ओळ : 'माहिती भरपूर आहे, पण मुलगी कुठे आहे?' मुलगी तर प्रत्येक प्रकरणात आहे! दुसरं म्हणजे अपमान, बॉम्ब, मारहाण हे लहान मुलांच्या पुस्तकात किती घ्यायचं ते कळत नाही. आणि मैत्रीण म्हणते, हे आपलं नाहीच, लिहायचं तर महाडवर लिही. मला हे लिहायचा हक्क आहे का? सोबत तीन प्रकरणं आणि सारांश जोडते.

उत्तर

तुझी तिन्ही प्रकरणं वाचली, सारांशही वाचला. प्रकाशकांचं वाक्य तुला झोंबलंय, पण ते बरोबर बोललेत. पहिल्या प्रकरणात, १ डिसेंबर १९५५च्या संध्याकाळी, लिली बसमध्ये रोझा पार्क्सच्या शेजारी बसलेली. तिसऱ्या प्रकरणात ३० जानेवारीला बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडतो तेव्हा ती समोरच्या रस्त्यावर हजर. सारांशात ती बहिष्काराची पहिली मोठी सभा झाली त्या होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये भाषण करते आणि २१ डिसेंबर १९५६ला, भेदभाव संपल्यावरच्या पहिल्या बसमध्ये, किंग यांच्याबरोबर चढते. अगं, मॉन्टगोमेरीच्या पेपरचा वार्ताहरसुद्धा इतक्या ठिकाणी वेळेवर पोचला नसेल.

त्या बसचंच बघ. पार्क्स ज्या रांगेत होत्या तिथे चार जागा होत्या आणि चारही भरलेल्या. त्यांच्या शेजारी खिडकीपाशी एक पुरुष, मधली वाट सोडून पलीकडे दोन बायका. एका गोऱ्या माणसाला जागा हवी होती म्हणून ड्रायव्हरने चौघांनाही उठायला सांगितलं, कारण गोरा बसला की त्या रांगेत काळ्यांनी बसायचं नाही असा तिथला रिवाज. तिघं उठली. पार्क्स उठल्या नाहीत, खिडकीकडे सरकून बसल्या. हे सगळं इतकं बारकाईने नोंदलेलं आहे की लिलीला तिथे खरोखरच जागा नाही.

पण जागेपेक्षा मोठी अडचण अशी की तिला तिथे काम नाही. ती बघते, तिचं काळीज धडधडतं, तिच्या डोळ्यांत पाणी येतं. पुढच्या प्रकरणात पुन्हा तेच. बहिष्कार फसला तर लिलीचं काय बिघडणार आहे? तिन्ही प्रकरणांत मला याचं उत्तर सापडलं नाही. मुलगी कुठे आहे, या प्रश्नाचा अर्थ एवढाच.

बहिष्कार ३८१ दिवस चालला. हा आकडा तू तीनदा दिला आहेस. आता त्यातला एखादा साधा दिवस घे, फेब्रुवारीतला, ज्या दिवशी भाषण नाही, अटक नाही, काही नाही. लिलीची आई गावाच्या पार दुसऱ्या टोकाला गोऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला जाते. बस सोडलेली आहे. ती पोचते कशी? तुझी कादंबरी इथे सुरू होते.

सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, म्हणजे १० सेंटमध्ये, माणसं न्यायला सुरुवात केली. नगरपालिकेने लगेच किमान ४५ सेंट भाड्याचा नियम बाहेर काढला. मग लोकांनी आपापल्या गाड्या काढल्या. अशी व्यवस्था १९५३ साली लुइझियानातल्या बॅटन रूज गावात आधी करून बघितली होती, तिथल्या पाद्रींकडून किंग यांनी ती समजून घेतली. कुठे उभं राहायचं, कुठली गाडी कुठे जाणार, पेट्रोलचे पैसे कोण देणार हे सगळं बैठका घेऊन ठरलं. चर्चेसच्या नावाने स्टेशन वॅगन घेतल्या गेल्या. पोलीस बारीकसारीक कारणांवरून गाड्या अडवायचे, पावत्या फाडायचे. २५ मैलांच्या हद्दीत ३० मैलांनी गाडी चालवली म्हणून खुद्द किंग यांना जानेवारीत अटक झाली. विमा कंपन्यांनी गाड्यांचे विमे रद्द केले, तेव्हा शेवटी लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवावा लागला. आणि जे गाडीत मावत नव्हते ते चालले. बूट झिजले तेव्हा बाहेरगावच्या लोकांनी बूट पाठवले.

तुझ्या हस्तलिखितात यातलं 'लोकांनी गाड्यांची सोय केली' एवढं एक वाक्य आहे, आणि होल्ट स्ट्रीटमधल्या किंग यांच्या भाषणाला साडेचार पानं. उलट कर. भाषण मुलांना कुठेही मिळेल. पहाटे कुठल्या कोपऱ्यावर उभं राहायचं, गाडी आली नाही तर काय, उशीर झाल्यावर मालकीणबाई काय म्हणते, हे तुझ्याशिवाय त्यांना कोणी सांगणार नाही.

आता एका बाईची ओळख करून देते, कारण तुझ्या सारांशात तिचं नाव नाही. जॉर्जिया गिल्मोर. मॉन्टगोमेरीत एका खाणावळीत स्वयंपाकीण. बहिष्कार सुरू होण्याआधी काही आठवडे एका ड्रायव्हरने तिच्याकडून पुढच्या दाराशी भाडं घेतलं, 'उतर आणि मागच्या दाराने चढ' म्हणून सांगितलं आणि ती खाली उतरल्यावर बस घेऊन निघून गेला. तिने तेव्हाच बस सोडली होती. बहिष्कार सुरू झाल्यावर तिने बायका जमवल्या आणि घरोघरी केक, 'पाय' नावाचा भाजलेला गोड पदार्थ, चिकन सँडविच करून विकायला सुरुवात केली : केस कापायच्या दुकानांत, लाँड्रीत, टॅक्सीच्या अड्ड्यावर. आलेले पैसे दर सोमवारी आणि गुरुवारी चर्चमधल्या सभेत द्यायचे, गाड्यांच्या पेट्रोलसाठी. यातल्या बऱ्याच जणी गोऱ्यांच्या घरी कामाला. नावं फुटली तर नोकरी जाणार. म्हणून पैसे कुठून आले असं विचारलं की उत्तर ठरलेलं : कुठूनच नाही. मंडळाचं नावच पडलं 'कुठूनच नाही क्लब'. गावाच्या दुसऱ्या बाजूच्या बायकांनी आपलं वेगळं मंडळ काढलं आणि कोण जास्त पैसे आणतं याची चुरस लागली. मार्च १९५६मध्ये बहिष्कार घडवल्याबद्दल किंग यांच्यावर चाललेल्या खटल्यात गिल्मोरने उघड साक्ष दिली आणि तिची खाणावळीतली नोकरी गेली. मग तिने स्वतःच्या घरीच जेवण करून विकायला सुरुवात केली, किंग यांनी तिला त्यासाठी मदत केली.

हे वाचल्यावर लिलीच्या आईकडे पुन्हा बघ. तिला त्या क्लबात घाल. (गिल्मोरला कादंबरीत फार वेळ आणू नकोस, ती खरी व्यक्ती आहे, तिच्या तोंडी मनाचे संवाद घालताना हात आखडता ठेव.) आई रात्री जागून केक करते. सकाळी मालकीणबाई तिला स्वतःच्या गाडीतून न्यायला येते. हे खरंच होत होतं. गोऱ्या बायकांनी मोलकरणींना गाडीतून आणू-सोडू नये म्हणून महापौर गेल यांना जाहीर आवाहन करावं लागलं होतं. कारण सहानुभूती कमी आणि भांडी-मुलांची अडचण जास्त, पण गाडी यायची. गाडीत मालकीण विचारते, 'तू काही त्या लोकांच्यात नाहीस ना?' आणि आई म्हणते, 'छे हो बाई, आम्ही त्या भानगडीपासून लांबच असतो.' मागच्या सीटवर लिली बसलेली आहे. रविवारच्या शाळेत तिला शिकवलंय की खोटं बोलणं पाप. घरच्या ओट्यावर केक गार व्हायला ठेवलेत. दुपारी ते लाँड्रीत पोचवायचं काम तिचं आहे.

आता तिला काम आहे, गुपित आहे, भीती आहे आणि आईवर थोडा रागही आहे. तिच्या तोंडून एक शब्द निसटला तर आईची नोकरी जाईल. बारा वर्षांच्या मुलीला याहून मोठा इतिहास पेलायला द्यायची गरज नाही.

मग सुरुवात कुठून, असं विचारशील. शुक्रवार, २ डिसेंबर. आदल्या रात्री अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना घेऊन हजारो पत्रकं सायक्लोस्टाईल केली. एका कागदावर तीन-तीन मजकूर छापायचे आणि मग कापायचे. सकाळी ती शाळांशाळांतून वाटली गेली, मुलांच्या हातून घरी पोचली : सोमवारी बसमध्ये बसू नका. लिलीचा या चळवळीशी पहिला संबंध असा यावा, दप्तरातला एक कागद म्हणून. तो आईला द्यायचा की नाही हेही तिला ठरवावं लागू दे.

आता तपशिलाच्या चुका. तुझ्या तिसऱ्या प्रकरणात मॉन्टगोमेरीत सतत बर्फ पडतो. अलाबामा दक्षिणेत आहे बाई, तिथे बर्फ क्वचित. थंडी, पाऊस, चिखल घाल. लिलीच्या वर्गात एमिली नावाची गोरी मैत्रीण आहे. शक्यच नाही. शाळांतला वंशभेद घटनाबाह्य आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे १९५४चा, पण मॉन्टगोमेरीच्या शाळांत कृष्णवर्णीय मुलं गोऱ्या मुलांबरोबर बसायला लागली ती १९६४ साली. एमिली हवीच असेल तर ती मालकिणीची मुलगी कर. ती मैत्री जास्त अवघड आहे, म्हणून जास्त चांगली.

तिसरी चूक बहुतेक सगळेच करतात. पहिल्या दिवसापासून तुझी माणसं 'बसमधला भेदभाव मोडून काढा' म्हणतात. त्यांच्या सुरुवातीच्या मागण्या किती लहान होत्या ते बघ. ड्रायव्हरने नीट बोलावं. गोऱ्यांनी पुढून आणि काळ्यांनी मागून भरत यावं, बसलेल्याला कुणी उठवू नये. काळ्या वस्तीतल्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत. झालं. एवढंही द्यायला नगरपालिका आणि बस कंपनी तयार झाली नाही, म्हणून लढाई भेदभावाच्या मुळाशी गेली. मुलांना हे कळायला हवं. नुसता 'अन्याय मोठा होता' हा शेरा वाचून त्यांना काही वाटणार नाही. इतकं थोडं मागितलं आणि तेही नाकारलं, हे वाचून चीड येते.

पार्क्सविषयीही थोडं. तू त्यांना 'दमलेली, वयस्कर शिवणकाम करणारी बाई' केलंयस. त्या ४२ वर्षांच्या होत्या. एका मोठ्या दुकानात कपडे बेतून द्यायचं काम करत, पण त्याचबरोबर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या 'एनएएसीपी' संघटनेच्या मॉन्टगोमेरी शाखेच्या वर्षानुवर्षं सचिव होत्या, आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसीतल्या, चळवळीतल्या कार्यकर्त्यांना शिकवणाऱ्या हायलँडर शाळेत शिबिराला जाऊन आल्या होत्या. पाय दुखत होते म्हणून उठल्या नाहीत, ही गोष्ट त्यांनी स्वतः खोडून काढली आहे.

त्यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ला, याच गावात क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या मुलीने बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. पोलिसांनी तिला ओढून नेलं, बेड्या घातल्या. पुढाऱ्यांनी विचार केला आणि तिच्याभोवती चळवळ उभी करायची नाही असं ठरवलं : वय लहान, स्वभाव तापट, आणि पुढे तिला दिवस गेले. पण बसमधला भेदभाव ज्या खटल्याने कायद्याने संपवला त्यात फिर्यादी असलेल्या चार बायकांत ती होती, मे १९५६मध्ये फेडरल कोर्टात उभी राहून बोलली होती. तुझ्या सारांशात ती अर्ध्या ओळीत येऊन जाते. लिलीला तिच्याविषयी विचारू दे : तिच्यासाठी का नाही चालत गेलो आपण? आईकडे याला नीटसं उत्तर नसू दे. तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाला मोठ्या माणसांचं हे गणित बरोबर कळतं, आणि ते लपवलं तर तेही कळतं.

आता बॉम्ब आणि अपमान. मुलांना बॉम्ब सांगायला हरकत नाही. किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला तेव्हा आत त्यांची बायको आणि अडीच महिन्यांची मुलगी होती, दोघी वाचल्या. दोन दिवसांनी बहिष्काराचे दुसरे एक पुढारी ई. डी. निक्सन यांच्या घरावर पडला. लिलीच्या घरी ही बातमी कशी येते ते लिही. आई पलंग खिडकीपासून हलवते, एवढं पुरे. शिव्यांच्या बाबतीत तू दर दोन पानांनी एक घातली आहेस आणि सहाव्या शिवीला माझ्यासुद्धा अंगावर काटा आला नाही. एकदाच येऊ दे, ज्याच्या तोंडून लिलीला अपेक्षा नसेल त्याच्या तोंडून. बाकी अपमान रोजच्या वागण्यात दाखव. मालकिणीचं सहा वर्षांचं पोर लिलीच्या आजीला नुसत्या नावाने, अरे-तुरे करून हाक मारतं, आणि आजी त्याला 'जी साहेब' म्हणते. दुकानात टोपी घालून बघता येत नाही, आवडली की घ्यायचीच. कराडच्या सातवीतल्या मुलाला हे कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

त्यावरूनच मैत्रिणीच्या मुद्द्यावर येते. 'आपलं नाही' हे मला पटत नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांचं संयुक्त राष्ट्रांकडचं निवेदन मागवलं, आणि डू बॉइस यांनी उत्तरही दिलं. १९७२ला मुंबईत निघालेल्या दलित पँथरने नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे तुला माहीतच आहे. मराठी माणूस या विषयाकडे दीडशे वर्षं बघतोय. तू नवीन काही करत नाहीस.

फक्त एक मोह टाळ. सारांशात लिलीला चर्चमधला एक म्हातारा महाडच्या तळ्याची गोष्ट सांगतो. त्याला ती कुठून कळली? तुला वाचकाला नातं दाखवायचंय हे कळतं, पण ते नातं वाचक जोडेल. पाण्याच्या दोन वेगळ्या नळांवरच्या पाट्या लिलीला वाचू दे, बस्स. महाडवर लिहायचं असेल तर वेगळी कादंबरी लिही, आणि तिथेही २० मार्च १९२७ला तुझी नायिका बाबासाहेबांच्या शेजारी उभी करू नकोस.

गांधीजींचंही तसंच. तुझ्या पुस्तकात पहिल्या सभेपासून सगळे अहिंसेवर बोलतात. गांधींशी तुलना शहरात फार लवकर आली हे खरं, पण ती आली एका गोऱ्या ग्रंथपाल बाईच्या पत्रातून : ज्युलिएट मॉर्गन यांनी १२ डिसेंबरच्या 'मॉन्टगोमेरी अ‍ॅडव्हर्टायझर'मध्ये दांडीयात्रेची आठवण काढली, आणि त्यासाठी गोऱ्यांकडून पुढे भयंकर छळ सोसला. किंग यांच्या घरात मात्र सुरुवातीला बंदुका होत्या. बॉम्बनंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. फेब्रुवारीत अहिंसक लढ्यांतले अनुभवी कार्यकर्ते बेअर्ड रस्टिन आले, चर्चा झाल्या, आणि हळूहळू बंदुका गेल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस घाबरत घाबरत एक गोष्ट शिकत होता. पहिल्या दिवसापासून महात्मा असलेल्या माणसापेक्षा मुलांना हा माणूस जास्त आवडेल.

शेवटाविषयी तू विचारलं नाहीस, पण मला तो सगळ्यात खटकला. २१ डिसेंबरला सगळे हसत बसमध्ये चढतात आणि पुस्तक संपतं. प्रत्यक्षात त्यानंतरच्या दिवसांत बसवर गोळ्या झाडल्या गेल्या, एका गरोदर बाईच्या पायांना गोळी लागली. जानेवारीत चर्चेसवर बॉम्ब पडले. पार्क्स यांची दुकानातली नोकरी आधीच, बहिष्काराच्या दुसऱ्या महिन्यात, गेली होती. १९५७मध्ये त्यांनी गाव सोडलं आणि डेट्रॉइटला गेल्या. लिलीच्या आईने पुन्हा बस धरायची की नाही, आणि धरली तर कुठे बसायचं, हा प्रश्न जानेवारीत खरा होतो. दहा-बारा पानं अजून चाल.

अमेरिकेला न जाता हे जमेल का, अशी शंका तुझ्या पत्रात ओझरती आहे. जमेल. किंग यांची कागदपत्रं स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या किंग इन्स्टिट्यूटने इंटरनेटवर ठेवली आहेत, पार्क्स यांची अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने. हस्ताक्षरातली टिपणं, पत्रं, फोटो, सगळं कराडला बसून फुकट वाचता येतं. आधी शहराचा नकाशा काढून भिंतीवर लाव आणि लिलीचं घर, मालकिणीचं घर, चर्च, लाँड्री यांना खुणा कर. तुझ्या प्रकरणांत आई एकदा वीस मिनिटांत पोचते आणि एकदा दोन तासांत.

पुन्हा सगळं लिहायला बसू नकोस. गाडीतला प्रसंग आणि लाँड्रीला केक पोचवायचा प्रसंग, एवढे दोनच लिहून पाठव. त्यात किंग नकोत, पार्क्स नकोत, एकही तारीख नको. मी वाचून कळवते.